वसईचा साग आणि आफ्रिकेचा साग

वसईच्या किल्ल्यांत गेलेल्या माणसाची दृष्टि प्रथम दगडावर जाते, आणि तें स्वाभाविकहि आहे. तट, बुरूज, ख्रिस्ती देवालयांचे उंच दर्शनी भाग, कमानी व जिने मिळून त्या जागेचें जें रूप आज उरलें आहे तें दगडाचेंच आहे. परंतु एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतीजवळ घटकाभर उभें राहून वर पाहावें, म्हणजे ठराविक अंतरावर रांगेनें ठेवलेलीं चौकोनी भोकें दिसूं लागतात. आज त्यांत पारवे राहतात. एके काळीं त्यांत तुळयांचीं टोकें बसविलेलीं होतीं. त्या तुळयांवर तक्तपोशी होती, तक्तपोशीवर माणसें वावरत होतीं, आणि सर्वांच्या वर लांकडी आढें व वासे कौलांचा भार सोशीत होते. दगड उरला, लांकूड गेलें. आजच्या भाषणाचा विषय तें गेलेलें लांकूड हा आहे.

श्रोतेहो, किल्ल्याकडून वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनाकडे आलें कीं नव्या वस्तीच्या इमारती लागतात, आणि जेथें घरें बांधलीं जातात तेथें लांकडाच्या वखारी असावयाच्याच. नवें घर घेतलेला गृहस्थ दाराची चौकट ठरविण्यासाठीं वखारींत गेला म्हणजे “आफ्रिकन साग” हें नांव त्याच्या कानांवर पडतें. तो भाव विचारतो, घासाघीस करतो आणि घरीं येतो. परंतु जरा थांबून विचार केला तर या नांवांत मोठें नवल भरलेलें आहे. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आहे. त्यामागें वाडें, मनोर, जव्हार असा रानवट मुलूख पसरलेला आहे. या मुलखांत साग कोणीं लावला नाहीं. तो आपोआप उगवतो. या सागासाठीं राज्यांनीं किल्ले घेतले आणि नद्यांचीं मुखें रोखून धरलीं. त्याच वसईच्या माणसाला दारापुरतें लांकूड समुद्रापलीकडून, आफ्रिका खंडांतून आणावें लागावें, हें कसें घडलें?

आधीं या नांवाचाच उलगडा केला पाहिजे. “आफ्रिकन साग” म्हणून बाजारांत विकलीं जाणारीं लांकडें निदान दोन जातींचीं आहेत, आणि त्यांचा एकमेकांशीं कांहीं नातेसंबंध नाहीं. पहिलें लांकूड खरोखरीच सागाचें. आपल्या रानांतला जो साग, वनस्पतिशास्त्रांतील टेक्टोना ग्रँडिस, त्याचीच रोपें माणसानें आफ्रिकेंत नेऊन लावलीं. त्या लागवडींतून हें लांकूड येतें. दुसरें लांकूड इरोको नांवाच्या झाडाचें. हें झाड मूळचेंच आफ्रिकेचें. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेकडील टांझानियापर्यंत तें आढळतें, आणि स्वाहिली भाषेंत त्याला म्वूले म्हणतात. त्याचें कुळ सागाचें नसून तुतीचें व वडा-पिंपळाचें आहे. मग त्याला साग कां म्हणावें? तर गुणांवरून. रंग पिंगट, वाळवीला दाद न देणारें, पावसापाण्यांत टिकणारें आणि वजनालाहि सागाच्या जवळपास : घनमीटरला सुमारें ६५० किलो. व्यापाऱ्यांना कुळाशीं कर्तव्य नसतें. गुण जुळले कीं नांव जुळविलें जातें. आफ्रोर्मोसिया म्हणून मध्य व पश्चिम आफ्रिकेंत शेंगांच्या कुळांतलें आणखी एक झाड आहे. त्याचेंहि लांकूड सागाच्या जागीं वापरलें गेलें, आणि इतकें वापरलें गेलें कीं १९९२ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण ठेवावें लागलें.

सुताराच्या हाताला मात्र हा भेद कळतो. सागावर रंधा मारला कीं हाताला किंचित् तेलकटपणा लागतो आणि जुन्या कातड्यासारखा वास येतो. कापलेल्या टोकाकडे पाहिलें तर वर्षावर्षाचीं वलयें स्पष्ट दिसतात, कारण वर्षारंभीं धरलेलीं छिद्रें मोठीं व नंतरचीं लहान असतात. इरोकोंत अशीं ठळक वलयें नसतात. ताजा कापला म्हणजे तो पिवळसर असतो आणि उजेडांत हळूहळू तपकिरी होतो. त्याच्या पोटांत केव्हां केव्हां चुनखडीचे कठीण खडे सांपडतात. बाहेरून त्यांची कांहीं खूण नसते, आणि त्यांवर करवत गेली कीं दांते बोथट होतात. त्याच्या भुशानें कित्येकांचे डोळे व नाक चुरचुरतें. लांकूड वाईट नव्हे. परंतु साग नव्हे.

आतां सागाला एवढी प्रतिष्ठा कां मिळाली तेंहि पाहूं. टिकाऊ लांकडें जगांत पुष्कळ आहेत. सागाचा विशेष असा कीं, तो सुकला म्हणजे आपला आकार सोडीत नाहीं. पाण्यांत भिजला, उन्हांत तापला, तरी तो फारसा फुगत नाहीं, आटत नाहीं, वांकत नाहीं. त्याच्या अंगच्या तेलामुळें वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. आणि जहाज बांधणाराच्या दृष्टीनें मोलाचा असा एक गुण त्यांत आहे : सागांत ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाहीं. विलायतेंतील ओक लांकडांत जें आम्ल असतें तें लोखंडाला खातें. सागाचें तेल उलट त्याचें रक्षण करतें. घरासाठीं हा गुण सोयीचा. समुद्रावर तो प्राणरक्षक.

यामुळेंच अरबी समुद्राच्या कांठच्या सर्व लोकांना साग हवासा वाटे. त्या समुद्राचे पश्चिम व उत्तर किनारे पाहावे. अरबस्तान, इराणचा दक्षिण किनारा, तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजू : मैलच्या मैल वाळू आणि खडक. तेथें मोत्यें सांपडतील, खजूर होईल, पण जहाजाचा तळ किंवा दालनाची तुळई होईल असें झाड मिळावयाचें नाहीं. आपल्या बाजूला मात्र किनाऱ्यापासून एका दिवसाच्या मजलेवर घनदाट सह्याद्री. समुद्रानें या दोन प्रदेशांची गांठ घातली. संस्कृतांतील ‘शाक’, आपला ‘साग’ आणि अरबांचा ‘साज’ हे एकाच शब्दाचे तीन वेष आहेत. वस्तु ज्या वाटेनें गेली त्याच वाटेनें तिचें नांव गेलें.

आपल्या वसई तालुक्यांतील सोपारें हें या व्यापाराच्या जुन्या बंदरांपैकीं एक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बुरूड राजाच्या कोटाची टेकडी उकरून बौद्ध स्तूप उघडा केला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाहि तेथेंच मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत सोपारें व कल्याण या दोन्ही बंदरांचीं नांवें आहेत. हाच ग्रंथकार भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मालांत तांब्याबरोबर लांकडी तुळया, शिसवासारख्या काळ्या लांकडाचे ओंडके आणि आबनूस यांची गणना करतो. सोपाऱ्याहून लांकूड जात असे असें त्याचें विधान नाहीं, म्हणून आपणहि तें त्याच्या तोंडीं घालूं नये. परंतु याच किनाऱ्याचें लांकूड दूर दूर जात होतें याचा पुरावा आतां प्रत्यक्ष हातीं आला आहे, आणि तो आफ्रिकेंत मिळाला आहे.

मिसरच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके नांवाचें प्राचीन बंदर आहे. १९९४ पासून तेथें जें उत्खनन झालें त्यांत हिंदी मिऱ्यांनीं भरलेला रांजण मिळाला, मणी मिळाले, आणि कोरड्या हवेमुळें न कुजलेलें सागाचें लांकूड मोठ्या प्रमाणावर मिळालें. हें लांकूड घरांच्या व देवळांच्या भिंतींत बसविलेलें होतें. पण कित्येक तुकड्यांवर खाचा व भोकें अशीं होतीं कीं, त्यांचा घराशीं कांहीं संबंध लागेना. तीं जहाजाच्या सांध्यांचीं होतीं. हिंदुस्थानच्या सागाचें जहाज झिजून मोडकळीस आलें, तेव्हां त्या ओसाड किनाऱ्यावरच्या लोकांनीं त्याची एक फळीहि टाकून न देतां घरांना लावली. दीड हजार वर्षांपेक्षां अधिक काळ तीं लांकडें तेथें टिकून राहिलीं.

व्यापार एकेरी नव्हता हेंहि ध्यानांत ठेवावें. दहाव्या शतकांतील इस्तख्री हा भूगोलकार इराणी आखातावरील सिराफ बंदराचें वर्णन करतांना सांगतो कीं, तेथील उंच घरें सागाचीं आणि झंज देशांतून आणलेल्या लांकडाचीं बांधलेलीं आहेत. झंज म्हणजे आफ्रिकेचा पूर्व किनारा. तेव्हां आपला साग आणि आफ्रिकेचें लांकूड हजार वर्षांपूर्वीं एकाच घराच्या बांधणींत शेजारीं शेजारीं नांदत होतें. आफ्रिकेच्या बाजूनें विशेषतः खारफुटीचे सरळ, चिवट वासे जात. लामू बंदरांतून व रुफिजी नदीच्या मुखांतून हे वासे अगदीं विसाव्या शतकापर्यंत शिडांच्या जहाजांनीं अरबस्तानांत जात होते. त्यांची लांबी बेताची. त्यामुळें त्या किनाऱ्यांवरील जुन्या घरांच्या खोल्या अरुंद व लांबट झाल्या. माणसाची खोली किती रुंद असावी हें तेथें झाडानें ठरविलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत झांझिबार येथें धनिक व्यापाऱ्यांनीं जीं नक्षीदार दारें बसविलीं, त्यांत कांहीं हिंदी सागाचीं, कांहीं म्वूलेचीं होतीं, आणि कित्येकांवर हिंदी पद्धतीचें कोरीव काम व पितळी कळ्या आहेत.

या विस्तीर्ण पटावर वसईचें स्थान काय, तें आतां पाहूं. दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा, अशा दोन जलमार्गांच्या मधोमध हा मुलूख आहे. रानांतलें लांकूड बैलांनीं ओढून खाडीपर्यंत आणावयाचें व तेथून पाण्यानें पुढें न्यावयाचें, ही येथील निसर्गानेंच करून दिलेली सोय. तरी सागाच्या व्यवहारांत घाई उपयोगी नाहीं. ताजा तोडलेला साग जड असतो. तो पाण्यांत नीट तरंगतहि नाहीं. ब्रह्मदेशांत तर उभ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं खोल कंकणाकृति खांच पाडून दोन-तीन वर्षें तें जागच्या जागीं वाळूं देत आणि मग तोडून नदींत सोडीत. चांगलें लांकूड म्हणजे साठवून ठेवलेला काळ होय, असें जें जुनीं माणसें मानीत त्यांत अतिशयोक्ति नव्हती.

वैतरणेच्या मुखाजवळची आगाशी या सोयीवरच भरभराटली. पोर्तुगीज वसईस येण्यापूर्वींच ती लांकडाच्या व्यापाराबद्दल व जहाजांबद्दल प्रसिद्ध होती. १५३० व १५३१ अशा दोन सालीं पोर्तुगीजांनीं ती लुटली. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांत अशी हकीकत दिली आहे कीं, १५४० सालीं आगाशीचें एक जहाज हस्तगत करण्यासाठींच वसईहून मोहीम निघाली. तें जहाज मिळालें आणि त्यांतून पोर्तुगीजांनीं पुढें युरोपास कित्येक सफरी केल्या. ज्या राष्ट्रानें आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानचा मार्ग शोधला, त्याला परत जाण्यासाठीं आगाशीच्या सुतारांनीं बांधलेलें जहाज चोरून न्यावेसें वाटलें, यापेक्षां त्या कारागिरांना मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. बंदर मिळालें, पण बंदराच्या पाठीशीं रान नसेल तर तें अर्धेंच मिळालें हें नव्या धन्यांना लौकरच उमगलें. १५५६ च्या सुमारास त्यांनीं मनोर व अशेरी हीं ठाणीं घेतलीं. अशेरीचा डोंगर समुद्रापासून दूर, आंत आहे. दर्यावर राज्य करणाऱ्या लोकांना तो डोंगरी किल्ला इतका प्रिय कां व्हावा याचें कारण त्याच्या पायथ्याच्या सागवानांत आहे. त्या लांकडावर वसईचीं देवालयें, मठ व वाडे उभे राहिले, आणि जहाजांचें कामहि चालत राहिलें. आरंभीं सांगितलेल्या भिंतींतील भोकांचा आणि अशेरीच्या डोंगराचा संबंध तो हा.

शिवाजी महाराजांना हा संबंध अचूक दिसला होता. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी हातीं येतांच त्यांनीं तेथील खाडींत जहाजें बांधण्यास घेतलीं. मागें लांकूड होतें, पुढें पाणी होतें. पोर्तुगीज धर्तीचीं गलबतें बांधणारे जाणते लोकहि मिळाले. त्यांचा पुढारी रुई लैतांव व्हिएगश नांवाचा पोर्तुगीज होता. परंतु कल्याणच्या खाडीचीं दोन्ही तोंडें पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतीं. महाराज हीं जहाजें जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध बांधीत आहेत असें म्हणत असले, तरी तीं उद्यां आपल्यावर येतील ही भीति वसईकरांना वाटली. १६५९ सालीं वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें व्हिएगश व त्याच्या माणसांना फितवून काम सोडावयास लावलें, आणि ते वसईस निघून गेले. आरमार त्यामुळें थांबलें नाहीं, हें आपण जाणतों; मराठी मुलखांतल्या कारागिरांनींच तें पुरें केलें. पण या प्रसंगानें एक गोष्ट दाखविली : आरमाराला लांकूड, कारागीर आणि खाडीचें मुख हीं तिन्ही लागतात, आणि शत्रु त्यांतलें जें हातीं लागेल तें ओढून घेतो.

याच अनुभवांतून मुरलेलें शहाणपण पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त उतरलें. १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीचा ग्रंथ. त्यांत आरमारासाठीं लागणाऱ्या लांकडाविषयीं जो उपदेश आहे तो आजहि मन थक्क करतो. अमात्य सांगतात कीं, राज्यांतील रानांत सागासारखीं जीं झाडें असतील त्यांतलें आवश्यक तेवढें परवानगीनें तोडून न्यावें. कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणवावें. आंबा व फणस यांचीं लांकडेंहि उपयोगाचीं असतात, परंतु त्यांस हात लावूं देऊं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं बहुत काळ वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजोरी सर्वथा करूं नये. जहाजें हवींत, हें अमात्यांना कोणीं शिकवावयास नको होतें. तरीहि त्यांनीं जहाज आणि झाड यांच्यामध्यें झाड वाढविणाऱ्या माणसाला उभें केलें.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि पेशव्यांच्या आरमाराचा एक सुभा येथें झाला. परंतु लांकडाची ओढ तोंवर दुसऱ्या बंदराकडे वळूं लागली होती. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें पुढील दीडशें वर्षें मुंबईच्या गोदींत जहाजें बांधलीं. नेपोलियनशीं झालेल्या युद्धांत विलायतेला ओक लांकूड पुरेना, तेव्हां इंग्रज आरमारानेंहि आपलीं जहाजें मुंबईस सागाचीं बांधून घेतलीं. १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ सालीं चीनशीं नानकिंगचा तह झाला. १८१७ सालीं जमशेटजी बमनजी वाडियांनीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. त्याचा साग मलबारचा. मोठ्या जहाजांना लागणारे बुंधे मलबारांतून येत. ठाणें जिल्ह्याचें रान मुंबईचीं घरें उभारीत होतें आणि तिच्या चुली पेटवीत होतें. शहर वाढलें तशी कुऱ्हाड आंत आंत गेली.

या तोडीला आळा घालावा असें सरकारला वाटूं लागलें, तेव्हां १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार पाहणारे ते एक वैद्य होते. रक्षणाची बुद्धि चांगली होती. परंतु पुढें १८६५ व १८७८ च्या जंगल-कायद्यांनीं जें रक्षण झालें त्यांत एक मोठा दोष राहिला. रानाचें कुंपण झाडाभोंवतीं पडण्याऐवजीं माणसाभोंवतीं पडलें. भाताचें रोप करण्यापूर्वीं जमीन भाजण्यासाठीं आमच्या शेतकऱ्याला राब लागतो, म्हणजे फांद्या, पाला, शेण. त्या फांद्या तोडणें हा गुन्हा ठरूं लागला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला कीं १८८५ सालीं सरकारला चौकशीसाठीं जंगल-कमिशन नेमावें लागलें. इकडे ठेकेदारांचा साग मात्र कायदेशीरपणें तुटत होता, आणि तो तोडणारे हात वारली व कातकरी लोकांचेच होते. त्या हातांना पोटभर मजुरी नव्हती, आणि पुष्कळदां मजुरीच नव्हती, वेठ होती. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या साह्यानें वारली लोक वेठीविरुद्ध उठले, तेव्हां गवत कापण्याच्या व झाडें तोडण्याच्या मजुरीचा प्रश्न त्या लढ्यांत अग्रभागीं होता. वनावर वनवासींचा हक्क आहे हें कायद्यानें मान्य होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. आमच्या जुन्या घरांतल्या तुळयांचा हिशेब करावयाचा तर हा खर्चहि त्यांत धरला पाहिजे.

आतां आपल्या मूळच्या प्रश्नाकडे वळूं. साग आफ्रिकेंत गेला कसा आणि परत आला कसा? १८४० च्या दशकांत मलबारांतील निलांबूर येथें कलेक्टर कॉनॉली व त्यांचे साहाय्यक चातू मेनन यांनीं साग बियांपासून लावण्याची पद्धत बसविली. रानांतलें झाड लागवडीचें झालें. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन अमदानींतील टांगानिका व टोगो, आणि इंग्रजी अमदानींतील नायजेरिया व गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचें घाना, येथें सागाच्या लागवडी झाल्या. माती मानवली, पाऊस मानवला, आणि झाड वाढलें. इकडे आपल्या देशांत तोडीवर बंधनें आलीं. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें वनांविषयीं जो आदेश दिला त्यानंतर तीं अधिकच कडक झालीं, आणि तें योग्यच झालें. राहिला ब्रह्मदेश. त्यानेंहि १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मग हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांनीं आफ्रिकेकडे पाहिलें, आणि आपल्याच सागाच्या तेथील वंशजांचे ओंडके जहाजांत भरून परत येऊं लागले. ज्या समुद्रावरून एके काळीं साग पश्चिमेस गेला, त्याच समुद्रावरून तो पूर्वेस येत आहे.

परंतु जो परत आला तो गेला तसा आला नाहीं. आपल्या रानांतल्या जुन्या सागाला शंभर-शंभर वर्षें मिळत. लागवडीचा साग पुष्कळदां वीस-पंचवीस वर्षांतच तोडला जातो. कोंवळ्या खोडांत गाभा कमी आणि सालीलगतचें पांढरें लांकूड जास्त असतें. सागाचा तो प्रसिद्ध टिकाऊपणा गाभ्यांत आहे. पांढऱ्या भागाला वाळवी खुशाल खाते. म्हणून आफ्रिकेच्या सागाला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. दोष भूमीचा नसून घाईचा आहे. तेथेंहि पुरतीं वर्षें वाढूं दिलेला साग उत्तम होतो, आणि येथेंहि कोंवळा कापलेला साग कुचकामाचाच.

तुंगारेश्वराच्या रानाला २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या वाटेनें पावसाळ्यानंतर गेलें तर सागाचीं रुंद, खरखरीत पानें अंगाला घासतात. कोंवळें पान चुरगळलें तर बोटें तांबडीं होतात. यांतलीं कित्येक झाडें अजून बारीक आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या खोडाची तुळई व्हावयाची झाली तर ती आपल्या नातवंडांच्याहि नंतर होईल. अमात्यांनीं आंब्या-फणसाविषयीं जें लिहिलें तें सागालाहि तितकेंच लागू आहे : झाड लावणारा आणि झाड वापरणारा हे एकाच पिढींतले नसतात. मागच्या पिढ्यांनीं हें जेथें ओळखलें तेथें तुळया मिळाल्या. जेथें विसरलें तेथें बंदराला दुसऱ्याच्या रानाकडे हात पसरावा लागला.

तेव्हां श्रोतेहो, दाराची चौकट घ्यावयास वखारींत जाल तेव्हां भाव विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा : हें लांकूड कोणत्या झाडाचें, कोठल्या मुलखांतलें, आणि झाड किती वर्षांचें? पहिल्या प्रश्नानें तुमची फसवणूक टळेल. दुसऱ्यानें तुम्हांला कळेल कीं ही चौकट कोणाच्या रानांतून व कोणाच्या घामांतून तुमच्या उंबऱ्याशीं आली. आणि तिसऱ्याचें उत्तर ऐकल्यावर तुमच्या दाराला वाळवी केव्हां लागेल याचा अंदाज तुमचा तुम्हांलाच करतां येईल.